एका वाफवलेल्या माशाचे २६६० डॉलर : हाँगकाँगमधले महागडे कॅन्टनीज जेवण

शुक्रतारा

बाबांच्या पंचाहत्तरीसाठी आई-बाबा गेल्या महिन्यात आमच्याकडे हाँगकाँगला आले होते. वाढदिवसाच्या रात्री आम्ही पाच जण, म्हणजे आई, बाबा, मी, नवरा आणि धाकटा दीर, सेंट्रल भागातल्या एका नामांकित कॅन्टनीज (म्हणजे दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांताच्या पद्धतीच्या) रेस्टॉरंटमध्ये जेवलो. त्या जागेचे नाव मी मुद्दाम देत नाही आणि प्रतिसादांतही कोणी अंदाज बांधू नये अशी विनंती आहे, कारण मला जे विचारायचे आहे ते अशा अनेक जागांना लागू पडते.

बिल ७४०३ हाँगकाँग डॉलर झाले. महाग ठिकाणी जात आहोत हे आम्हाला माहीत होते आणि त्यासाठी आम्ही काही महिने पैसे बाजूला ठेवले होते, त्यामुळे नुसत्या रकमेबद्दल माझी तक्रार नाही. पण घरी आल्यावर मी बिल पुन्हा एकदा शांतपणे वाचले. चहाचे माणशी ४० प्रमाणे २००, न मागता टेबलावर आलेल्या अक्रोडाच्या आणि लोणच्याच्या बशांचे १००, ‘चार सिउ’ म्हणजे गोडसर भाजलेले डुकराचे मांस ४२०, अर्धी कुरकुरीत कोंबडी ४८०, चौघांचे सूप प्रत्येकी २८० प्रमाणे ११२०, कोळंबी ६२०, आईसाठी मिश्र भाजी ३२०, परतलेला भात ३६०, आंबा-पपनस-साबुदाण्याचे गोड पाच वाट्या ४५०, आणि मासा २६६०. या ६७३० वर दहा टक्के सेवाशुल्क ६७३.

यातली कोंबडी अप्रतिम होती. तिची त्वचा कागदासारखी पातळ आणि करकरीत होती आणि आतले मांस रसाळ होते; ती दुप्पट महाग असती तरी मी काही बोलले नसते. सूपही तसेच, पारदर्शक आणि खोल चवीचे. चार सिउ मात्र कोरडे होते, आणि मासा तर शिजून पार गेलेला होता. मेनूकार्डावर माशापुढे फक्त ‘बाजारभाव’ असे लिहिलेले होते. आम्ही विचारल्यावर वेटर म्हणाला, “आज तुंग सिंग बान उत्तम आहे, पाच जणांना एक पुरेल,” आणि निघून गेला. मासा जिवंत असताना आम्हाला दाखवला नाही, वजन सांगितले नाही आणि भावही सांगितला नाही. बिलावर एक कॅटी बारा टेल (ही तिथली वजनाची मापे), टेलला ९५ डॉलर, असा हिशेब होता. एकूण जेवणाच्या खर्चात चाळीस टक्क्यांच्या जवळपास वाटा असलेल्या पदार्थाची किंमत आम्हाला जेवण झाल्यावर कळली.

शेवटची गोष्ट लिहिताना मला अजून त्रास होतो. आई आयुष्यभर शाकाहारी आहे. मी मागवतानाच तसे सांगितले होते आणि “मांस अजिबात नाही” असे उत्तर मिळाले होते. आईने अर्धी भाजी खाल्ल्यावर, ती एवढी चविष्ट कशी लागते म्हणून नवऱ्याने सहज चौकशी केली, तेव्हा ती कोंबडी आणि हॅमच्या अर्कात शिजवलेली आहे असे अगदी अभिमानाने सांगण्यात आले. आईने चमचा खाली ठेवला आणि बाबांचा वाढदिवस आहे म्हणून ती एक शब्दही बोलली नाही.

तर माझा प्रश्न असा की यातले काय केवळ महाग होते आणि काय अवाजवी होते? कॅन्टनीज जेवणाचा ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावे. आमचे कुठे चुकले असेल तर तेही सांगावे.

दर्यावर्दी

शुक्रतारा ताई, आईंच्या बाबतीत जे झाले ते वाचून वाईट वाटले. त्याबद्दल जाणकार लिहितीलच. मी माशाबद्दल लिहितो, कारण हाँगकाँगमध्ये वीस वर्षे काढली आणि त्यातला बराच काळ मासे खाण्यात गेला.

तुंग सिंग बान हा लाल अंगाचा, बारीक ठिपक्यांचा प्रवाळातला मासा. कोकणात ज्याला हेकरू म्हणतात त्याच कुळातला. लाल रंग शुभ मानला जात असल्याने वाढदिवस आणि लग्ने यांत त्याला मोठी मागणी असते, म्हणून तो तसाही महागच मिळतो. हाँगकाँगमधली कॅटी सुमारे ६०५ ग्रॅमची आणि तिचे सोळा टेल, म्हणजे एक टेल ३७.८ ग्रॅमचा. तुमचा मासा अठ्ठावीस टेलांचा, एक किलोहून थोडा अधिक होता. टेलला ९५ म्हणजे कॅटीला १५२० डॉलर. भाव टेलात सांगितला की तो लहान वाटतो आणि बहुतेक पाहुणे तिथेच फसतात. मनातल्या मनात सोळाने गुणायची सवय लावून घ्यावी.

पण मला भावापेक्षा आकार जास्त खटकला. जाणते कॅन्टनीज लोक वाफवण्यासाठी एक कॅटीच्या आसपासचा, फार तर चार-पाच टेल वर असलेला मासा निवडतात. एवढा मासा खळखळत्या पाण्यावर आठ-दहा मिनिटांत होतो. काट्यालगतचे मांस किंचित अर्धपारदर्शक असतानाच तो उतरवतात आणि टेबलापर्यंत येईतो तो आपल्याच उष्णतेने पुरा होतो. मग आल्याच्या आणि पातीच्या बारीक काड्या, वर कडकडीत तेल, आणि कडेने गोडसर सोया. एवढेच. यात मसाला नाही, त्यामुळे काही झाकता येत नाही, आणि मिनिटभराची चूकही जिभेला कळते. मोठ्या माशात पाठीकडचा जाड भाग शिजेपर्यंत शेपटीकडचा भाग वाळून जातो. पाच जणांसाठी एक मोठा मासा सुचवणे यात रेस्टॉरंटचा फायदा होता. खाणाऱ्याचा फायदा लहान माशात होता, कारण कॅन्टनीज जेवणात मासा प्रत्येकाला दोन-तीन घास मिळावा इतकाच अपेक्षित असतो.

बऱ्याच ठिकाणी वेटर जिवंत मासा घमेल्यात किंवा जाळीत घालून टेबलाशी आणतो आणि वजन व भाव सांगून होकार घेतो. तो आणला नाही तर आपण मागावा. हे विचारणे तिथे असभ्य मानले जात नाही. उलट न विचारणारा पाहुणा नवखा आहे हे लगेच ओळखू येते. एवढ्यापुरती थोडी जबाबदारी आपलीही आहे असे मी म्हणेन.

कढीपत्ता

मी व्यावसायिक स्वयंपाकघरात काम केलेले आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. कॅन्टनीज पदार्थ ताटात फार साधे दिसतात आणि त्यामुळेच त्यांची किंमत लोकांना पटत नाही.

तुम्हाला आवडलेली कोंबडी घ्या. ती आधी मसाल्याच्या पाण्यात मंद आचेवर शिजवतात, मग माल्टोज आणि व्हिनेगरचे पाणी तिच्या अंगावर फिरवतात, मग ती टांगून कित्येक तास वाऱ्यावर सुकवतात. मागणी आली की कढईवर धरून तिच्यावर डावाने गरम तेल पुन्हा पुन्हा ओततात. त्वचा फाटली की कोंबडी बाद. हे काम एका माणसाचे संपूर्ण लक्ष मागते. सूपही तसेच: झाकणाच्या चिनी मातीच्या भांड्यात सामग्री घालून ते भांडे पाण्यात ठेवून चार-चार तास शिजवतात. उकळी थेट लागत नाही म्हणूनच ते पारदर्शक राहते. ज्या अर्काने तुमच्या आईंचा घात केला त्या ‘सौंग टोंग’मध्ये जून कोंबड्या, डुकराचे चरबीविरहित मांस आणि जिन्हुआचे हॅम असते, आणि तो कित्येक तास आटवतात. मोठ्या स्वयंपाकघरात तो रोज लागतो.

शिवाय तिथे कामाची विभागणी काटेकोर असते. कढईवाले वेगळे, भाजणारे वेगळे, चिराचिरी करणारे वेगळे, डिमसम म्हणजे वाफवलेले-तळलेले छोटे पदार्थ करणारे वेगळे, आणि वाफवण्याचे व सुकवलेले समुद्री पदार्थ भिजवण्या-शिजवण्याचे काम पाहणारा आणखी वेगळा. प्रत्येक विभागात आयुष्य घालवलेली माणसे असतात. त्यात सेंट्रलचे भाडे. म्हणून ४८० ची अर्धी कोंबडी मला महाग वाटते, पण अवाजवी वाटत नाही.

चार सिउचे मात्र मी समर्थन करणार नाही. त्यासाठी मानेजवळचा, चरबीची जाळी असलेला भाग घ्यावा लागतो. कडा किंचित करपलेल्या आणि मध्य मऊ हवा. ते कोरडे आले याचा अर्थ एक तर मांसाचा भाग चुकीचा होता किंवा दुपारी भाजलेले रात्री वाढले. ४२० डॉलर घेणाऱ्याला यातले काहीच शोभत नाही. तुम्ही ते परत पाठवायला हवे होते.

सुकवलेल्या ॲबलोनीच्या (एक प्रकारच्या समुद्री गोगलगाईच्या) वाटेला तुम्ही गेला नाहीत हे एका अर्थी बरे झाले, कारण तिथले भाव आणखी वेगळे असतात. तिची प्रत ‘डोक्यां’वर ठरते: एका कॅटीत जितके नग बसतात तितकी डोकी, त्यामुळे आकडा जितका लहान तितका नग मोठा आणि महाग. जपानच्या योशिहामाच्या ॲबलोनीला तिथे मोठा मान आहे. ती दिवसचे दिवस भिजवून, पुढे तासन्‌तास मंद शिजवून तिचा गाभा चिकट-मऊ करणे हे खरोखर मोठे कसब आहे. परंतु ज्याने ती पूर्वी खाल्लेली नाही त्याला दोन प्रतींमधला फरक ओळखू येणे जवळपास अशक्य असते, आणि अशा ठिकाणी विश्वासावर पैसे मोजावे लागतात.

निळावंती

मला वाटते की पदार्थाच्या मेहनतीबरोबर प्रतिष्ठेचाही हिशेब मांडायला हवा. रेस्टॉरंटांना एक ते तीन तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडची हाँगकाँग-मकावसाठीची पहिली आवृत्ती २००९ ची. ती डिसेंबर २००८ मध्ये आली. तिच्यात फोर सीझन्स हॉटेलमधल्या लुंग किंग हीनला तीन तारे मिळाले. चिनी जेवण देणाऱ्या रेस्टॉरंटला तीन तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि शेफ चान यान-ताक यांचे ते योग्य कौतुक होते. पण त्यानंतर बड्या हॉटेलांतल्या कॅन्टनीज रेस्टॉरंटांत ताऱ्यांसाठी येणारा परदेशी पाहुणा वाढला, आणि त्याच्यासाठी एकेकाच्या ताटात वाढलेले ‘कोर्स’ आले. गोल टेबलावर फिरत्या चकतीवर ठेवून सगळ्यांनी वाटून खायचे हे जेवण. त्याचे असे तुकडे केले की घास लहान होतो, किंमत वाढते आणि मासाही निवतो. शुक्रतारा, तुमचा मासा अख्खा टेबलावर आला होता की बाजूला नेऊन वाटून आणला होता?

दुसरे उदाहरण मला फार बोलके वाटते. लुंग किंग हीनमध्ये डिमसम करणारे माक क्वाय-पुइ यांनी २००९ मध्ये मोंगकोक या वस्तीत टिम हो वान नावाची अगदी लहान जागा उघडली आणि पुढच्याच गाइडमध्ये तिला एक तारा मिळाला. हात तोच होता. भाडे, गालिचे आणि चांदीच्या चॉपस्टिक-ठेवण्या गेल्या आणि किंमत कितीतरी खाली आली.

म्हणून माझा सल्ला असा की महागड्या कॅन्टनीज रेस्टॉरंटमध्ये जायचेच असेल तर दुपारी जावे. दुपारी तिथे याम छा असते, म्हणजे चहा आणि डिमसम. स्वयंपाकघर तेच, चहा तोच, कारागीर तेच, आणि बिल रात्रीच्या मानाने बरेच कमी. स्वयंपाकघराची पातळी एका ‘हा गाउ’वरून, म्हणजे कोळंबीच्या वाफवलेल्या मोदकासारख्या डिमसमवरून, ओळखता येते. आवरण गव्हाच्या स्टार्चचे, आतली गुलाबी कोळंबी दिसेल इतके पातळ, तरी काडीने उचलताना न फाटणारे. आणि चुण्या बारीक, सातांपेक्षा कमी नसलेल्या. तो हा गाउ जिथे चांगला, तिथे रात्रीच्या जेवणासाठी पैसे साठवावेत.

शुक्रतारा

सर्वांचे आभार. निळावंती, मासा क्षणभर अख्खा दाखवला, मग बाजूच्या टेबलावर नेऊन काटे काढून चार बशांत वाटला. त्यात बराच वेळ गेला आणि माझ्यापर्यंत आला तेव्हा तो कोमट होता. कढीपत्ता, चार सिउ परत पाठवायला हवे होते हे मान्य आहे. बाबांच्या समोर वाद नको म्हणून गप्प बसले.

दर्यावर्दी, तुमचे बहुतेक सगळे पटले, पण विचारण्याची जबाबदारी पाहुण्याची आहे हे पूर्णपणे पटत नाही. जिथे भाषा येत नाही आणि मेनूकार्डच किंमत लपवते, तिथे नवख्या माणसाने काय काय विचारायचे हे त्याला कुठून कळावे?

तांबडफुटी

याच मुद्द्यावर थोडे लिहितो. हाँगकाँगच्या ट्रेड डिस्क्रिप्शन्स ऑर्डिनन्स या ग्राहकसंरक्षणाच्या कायद्यातल्या दुरुस्त्या १९ जुलै २०१३ पासून लागू झाल्या आणि ग्राहकाच्या निर्णयासाठी महत्त्वाची असलेली माहिती वगळणे, दडवणे किंवा संदिग्धपणे सांगणे हाही त्यामुळे गुन्हा ठरू शकतो. अंमलबजावणी कस्टम्स अँड एक्साइज खात्याकडे आहे. ‘बाजारभाव’ एवढे लिहिण्यावर बंदी नाही, कारण जिवंत माशाचा भाव रोज बदलतो. परंतु मागवून घेताना भाव आणि वजन न सांगणे यात दोष आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ताईंनी बिलाच्या प्रतीसह ग्राहक परिषदेकडे तक्रार करावी. ती संस्था १९७४ पासून काम करते आणि व्यावसायिकाशी मध्यस्थी करते.

चहाच्या आणि खाऱ्या पदार्थांच्या पैशांबद्दल: याला तिथे ‘छा गाइ’ म्हणतात आणि साध्या रेस्टॉरंटांतही माणशी काही रक्कम घेतात, त्यामुळे ती प्रथा म्हणून स्वीकारावी लागते. मात्र न मागितलेल्या बशा आल्या आल्या परत केल्या तर त्यांचे पैसे सहसा लावत नाहीत. हाँगकाँगमध्ये विक्रीकर नाही, त्यामुळे बिलावर वर चढते ते हे दहा टक्के सेवाशुल्कच, आणि ते वाढणाऱ्यांच्या हातात पडतेच असे नाही.

उंबरठा

मी स्वतः शाकाहारी आहे आणि कामानिमित्त ग्वांगझौ आणि हाँगकाँगला अनेकदा गेले आहे, म्हणून आईंच्या प्रसंगाबद्दल लिहिते. वेटर बहुधा जाणूनबुजून खोटे बोलला नसावा. “मांस नाही” याचा तिथल्या स्वयंपाकघरातला अर्थ मांसाचे तुकडे नाहीत एवढाच होतो. अर्क हा त्यांच्या दृष्टीने पाण्यासारखा असतो. पालेभाजी ‘सौंग टोंग’मध्ये उकळलेली असते, काइ लान या पालेभाजीवर ऑयस्टर (कालवांचा) सॉस असतो, साध्या दिसणाऱ्या परतलेल्या भातातही सुकवलेल्या शिंपल्यांचे धागे असू शकतात. एक्सओ सॉस तर सुकवलेले शिंपले, सुकट आणि हॅम यांचाच असतो. तरीही एवढे पैसे घेणाऱ्या जागेने शाकाहारी पाहुणा म्हणजे काय हे शिकलेले असायला हवे, आणि ते न शिकणे हा मला माशाच्या किमतीपेक्षा मोठा दोष वाटतो.

कॅन्टनीजमध्ये उपयोगी पडणारा शब्द आहे ‘जाय’, म्हणजे बौद्ध परंपरेतला शाकाहार. “ङो सिक् जाय” असे म्हटले की मी व्रतस्थ शाकाहारी आहे असा अर्थ पोहोचतो आणि अर्काचाही विचार होतो. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य धरतात, तेवढे लक्षात असू द्यावे. लो होन जाय ही मिश्र भाजी मुळात मठातली. पण रेस्टॉरंटात तिच्यात कधी सुकवलेली कालवेही पडतात, म्हणून नावावर विसंबू नये. चांगले स्वयंपाकघर एक दिवस आधी कळवल्यास सोयाबीनचे मोड आणि सुके मश्रूम यांचा वेगळा अर्क करून देते. मी तो प्यायले आहे आणि तो कोंबडीच्या अर्काच्या तोडीचा होता, हे मी मनापासून सांगते.

दर्यावर्दी

ताई, तुमचा आक्षेप योग्य आहे आणि मी माझे वाक्य दुरुस्त करतो. सवयीच्या माणसाला जे सोपे वाटते ते नवख्याकडून अपेक्षित धरणे चूक आहे. भाव सांगणे हे विकणाऱ्याचेच काम. काटे काढून मासा वाटला हे वाचून तर फारच हळहळलो; गालाजवळचे मऊ मांस घरातल्या वडीलधाऱ्यांना द्यायचे असते, ते तुमच्या बाबांच्या वाट्याला आले का, कोण जाणे.

शुक्रतारा

सर्वांना कळवण्यासाठी पुन्हा लिहिते. मी रेस्टॉरंटला सविस्तर पत्र पाठवले. आईच्या भाजीबद्दल त्यांनी लेखी क्षमा मागितली आणि त्या भाजीचे पैसे परत केले. माशाबद्दल ‘त्या दिवशीचा बाजारभाव’ एवढेच उत्तर आले, म्हणून बिलाची प्रत ग्राहक परिषदेकडे पाठवली आहे. त्यांचे उत्तर अजून यायचे आहे.

दरम्यान आई-बाबा परत जाण्याच्या आदल्या रात्री आम्ही कौलूनमधल्या आमच्या वस्तीतल्या एका साध्या रेस्टॉरंटात गेलो. आदल्या दिवशी फोन करून ‘जाय’ हा शब्द वापरून आईचे सांगून ठेवले होते. मालकीणबाईंनी तिच्यासाठी मश्रूमच्या अर्कातला दुधीसारखा एक पदार्थ केला आणि कढई वेगळी घेतली आहे हे स्वतः येऊन सांगितले. मासा घमेल्यात टेबलाशी आला, एक कॅटी एक टेल, जातीने साधा ग्रुपर (हेकरूच्याच कुळातला), आणि “चारशे ऐंशी चालेल का?” असे त्यांनी आधी विचारले. तो अख्खाच टेबलावर ठेवला. काट्यालगत तसाच होता जसे दर्यावर्दींनी लिहिले आहे. गालाचे मांस मी बाबांच्या वाटीत घातले. ते काय आहे हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या बाजूचा गाल काढून माझ्या दिराला दिला.